कार्डाच्या मागच्या बाजूला

पहिल्या दिवशी एर्मेलिंदाबाईंनी मला
एकही कपाट दाखवलं नाही.
म्हणाल्या, "पुस्तकं खंय धावनात, बाय.
आधी माणसं बघून ये."

मी वाळपईहून साडेसहाची बस धरून पणजीत उतरलेली,
आठशे एक्क्याण्णव पूर्णांक चार सहा म्हणजे मराठी
हे तोंडपाठ असलेली,
आणि अनोळखी माणसाला नमस्कार म्हणताना
घसा कोरडा पडणारी.

कॉलेजात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: नेटवर्किंग.
खाली दोन रेघा.
माझ्या डोळ्यांपुढे कोट घातलेली माणसं, हॉटेलची थंड हवा,
आणि मी दारापाशी,
चपला कुठे काढायच्या ते शोधत.

इथे कार्डं होती ती कॅटलॉगची,
संगणक आल्यावर ड्रॉवरसकट जिन्याखाली गेलेली.
एका बाजूला टंकलेला लेखक, दुसरी बाजू कोरी.
बाईंनी मूठभर हातात दिली. "हांगा बरय."

पहिलं लिहिलं गुणो शिपायाचं:
वाळवी कुठल्या महिन्यात कुठल्या कपाटाला लागते
ते याला ठाऊक. चहात साखर दोन.
मग पुंडलीक च्यारी, बाइंडर, म्हापसा:
शुक्रवारी बाजार, फोन घेत नाहीत.
खळ स्वतः शिजवतात, मोरचूद घालून.
नसरीन शेख, वास्कोच्या शाळेत:
जास्तीच्या प्रती मागितल्या तर देते,
न मागता सल्ला देते.
फोंताइन्यासचे मेनेझिस, नोटरीकडचे जुने कारकून:
पोर्तुगीज हस्ताक्षर वाचतात, दुपारी झोपतात.
एकाने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला.
आवाज त्यांचाच होता.
त्यांचंही कार्ड केलं.

पाचव्या आठवड्यात शिरोड्याहून एक बाई आल्या.
वडील जत्रेच्या नाटकात बायकांची कामं करायचे,
त्यांचं नाव छापलेलं एक हँडबिल हवं होतं.
साल? "मी जन्मले त्या वर्षी. नाहीतर आदल्या."
मी संगणकाला विचारलं.
नोंद सापडली नाही.
पुन्हा विचारलं, वेगळ्या स्पेलिंगने.
बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

मग मी कार्डं काढली.
गुणो म्हणाला, असले कागद ठेवतो कोण,
बांधणीवाल्याला विचार.
च्यारींनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही,
मागे कात्रीचा आवाज तेवढा.
मग म्हणाले, माझे बापूय
पुस्तकाच्या कण्यात रद्दी भरायचे. हँडबिलंच जास्त.
काळ्या कापडाची, हिरव्या दोऱ्याची बांधणी बघ.

तीन दिवस काळं कापड, हिरवा दोरा.
शेवटी एका शेतकी अहवालाचा कणा
च्यारींनी स्वतः येऊन, वाफ देऊन, हळू सोडवला.
आतून निघालं अर्धं हँडबिल.
मागे निळा शिक्का; त्यावरची परवानगीची तारीख
मेनेझिसनी झोप मोडून, भिंग लावून वाचली.
पुढे नाव, कडेला कापलेलं:
"वीर कुंकळकर, स्त्रीपार्टी".

"पुढचं गेलं," मी म्हटलं.
बाई म्हणाल्या, "रघू. तेवढं माझ्याकडे आहे."

आठ आठवड्यांनी प्रमाणपत्र मिळालं,
आडनावावरचा अनुस्वार गाळलेलं.
बाईंनी ते पाहून जीभ चावली,
आणि ड्रॉवर ओढून एक कोरी पाठ शोधली.
आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं:
गांवस, सुलक्षा. वाळपई.
लाजते. पण परत फोन करते.

कार्ड त्यांनी मला दिलं नाही.
आपल्या गठ्ठ्यात घातलं,
गुणो आणि च्यारींच्या मधे.
उलटताना दुसरी बाजू ओझरती दिसली:
नारळावरील कीड. पृष्ठे चौसष्ट.
शेवटचे पान नाही.